परिषदेचा दिवस कुणासाठी? मिनिटांचा हिशेब आणि एक न विचारलेला प्रश्न



पेट पास झालात, गाइड मिळाले, विषय नक्की होतोय. आणि तेवढ्यात विभागाच्या ग्रुपवर एक रंगीत ब्रोशर येऊन पडतं: एकदिवसीय राष्ट्रीय परिषद, नोंदणी शुल्क अमुक, प्रमाणपत्र मिळेल, जेवण मिळेल. सीनियर सांगतात, "जाऊन ये, एक पेपर वाचून टाक." 'वाचून टाक' हा शब्द लक्षात ठेवा, त्याकडे पुन्हा येऊ.

आज परिषदेबद्दल लिहितेय, पण दोन बाजूंनी. एक, तुम्ही तिथे जाणार म्हणून. दुसरी बाजू जास्त महत्त्वाची आहे. वर्ष-दोन वर्षांत तुमच्याच विभागात परिषद ठरेल आणि कार्यक्रमपत्रिका टाइप करायला, पाहुण्यांना स्टेशनवरून आणायला, पोस्टरचे स्टँड लावायला तुम्हीच असाल. त्या वेळी वेळापत्रकाची चौकट कशी आखायची हे एका तरी माणसाला माहीत असलं तर शंभर जणांचा दिवस वाचतो.

माझी पहिली परिषद

माझा विषय सूक्ष्मजीवशास्त्राचा. मराठवाड्याच्या काळ्या जमिनीत स्फुरद भरपूर असतो, पण बराचसा कॅल्शियमशी बांधलेला असतो आणि पिकाला मिळत नाही. काही जिवाणू सेंद्रिय आम्लं सोडून हा स्फुरद विरघळवतात. असे जिवाणू शोधायची रुळलेली पद्धत म्हणजे पिकोव्हस्काया माध्यम. त्यात ट्रायकॅल्शियम फॉस्फेट घालतात, प्लेट दुधट दिसते. ज्या जिवाणूभोवती पारदर्शक वलय उमटतं तो आपल्या कामाचा. माझ्या प्लेटवर मोठमोठी वलयं आली होती आणि मी खुशीत होते.

परिषदेत मला बारा मिनिटं मिळणार होती. उद्घाटन दहाला होतं, ते सुरू झालं पावणेबाराला. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, प्रास्ताविक, सात जणांचा सत्कार, स्मरणिकेचं प्रकाशन, अध्यक्षीय समारोप. जेवणानंतर माझं सत्र आलं तेव्हा सत्राध्यक्ष म्हणाले, "चार मिनिटांत आटपा, प्रश्नोत्तरं शेवटी एकत्र घेऊ." चार मिनिटांत मी स्लाइड पळवल्या, टाळ्या झाल्या. शेवटी एकत्र घ्यायची प्रश्नोत्तरं झालीच नाहीत. प्रमाणपत्र घेतलं, फोटो काढला आणि घरी आले.

सात महिन्यांनी मी तेच काम एका नियतकालिकाला पाठवलं. परीक्षकाचा पहिलाच प्रश्न होता: माध्यमात बफर घातला होता का?

नव्हता घातला. आणि इथेच सगळी गोम होती. आपली काळी जमीन चुनखडीयुक्त आणि विम्लधर्मी असते. जिवाणूने सोडलेलं आम्ल ती जागच्या जागी शोषून निष्प्रभ करते. बिनबफरच्या प्लेटवर थोड्याशा आम्लानेही वलय पडतं, पण तोच जिवाणू शेतात टाकला तर काहीच करेल असं नाही. म्हणून आपल्या जमिनीसाठी जिवाणू निवडायचे तर बफर घातलेल्या माध्यमातही ते तपासावे लागतात. मी पुन्हा तपासले, तर बरेचसे गळाले. मधल्या सात महिन्यांत गळालेल्या जिवाणूंवरच मी कुंडीतले प्रयोग लावून बसले होते.

त्या परिषदेत पहिल्या रांगेत मृदाशास्त्राचे दोन प्राध्यापक बसले होते. जमिनीशी रोजचं काम असलेल्या माणसाला हा प्रश्न पाच मिनिटांत सुचला असता. पाच मिनिटं शिल्लक नव्हती, एवढंच. चूक माझीच होती, हे मान्य. पण अशा चुका लवकर सापडाव्यात म्हणूनच तर माणसं एकत्र जमतात ना?

मुळात परिषद कशासाठी?

नियतकालिकात छापलेला शोधनिबंध म्हणजे पूर्ण झालेलं काम. परिषद अर्ध्या कामासाठी असते. काम अजून वळवता येतं, तेव्हाच दुसऱ्याचे डोळे त्यावर पडले पाहिजेत. त्यामुळे परिषदेत सर्वांत मौल्यवान वेळ भाषणाचा नसून भाषणानंतरचा असतो.

जुनी उदाहरणं बघा. भारतीय विज्ञान काँग्रेसचं पहिलं अधिवेशन १५ ते १७ जानेवारी १९१४ ला कलकत्त्यात एशियाटिक सोसायटीत भरलं. अध्यक्ष होते आशुतोष मुखर्जी. १०५ जण आले होते आणि सहा विभागांत मिळून ३५ निबंध सादर झाले. तीन दिवसांत ३५! आज आपल्याकडे एका दुपारी, एकाच हॉलमध्ये तेवढे निबंध 'वाचून टाकले' जातात.

दुसरं उदाहरण अमेरिकेतल्या गॉर्डन परिषदांचं. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातले रसायनशास्त्रज्ञ नील गॉर्डन यांनी १९३१ मध्ये त्यांची सुरुवात केली. तिथली पद्धत अशी: व्याख्यानं सकाळी आणि संध्याकाळी, दुपार मोकळी. फिरायला जा, बसून बोला, भांडा. शिवाय तिथे ऐकलेलं बाहेर उद्धृत करायचं नाही असा नियम, म्हणजे माणूस अपुरे निष्कर्षही न घाबरता दाखवतो. मोकळी दुपार ही तिथे सुट्टी धरत नाहीत, ती कार्यक्रमाचाच भाग असते.

मग आपल्याकडे प्रमाणपत्र एवढं मोठं का झालं? एक कारण नियमात होतं. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१६ च्या पीएचडी नियमावलीनुसार प्रबंध सादर करण्याआधी किमान एक शोधनिबंध छापून येणं आणि परिषदेत किंवा सेमिनारमध्ये दोन सादरीकरणं करणं सक्तीचं होतं. सक्ती आली की मोजणी आली, आणि मोजायला प्रमाणपत्र सोपं. नोव्हेंबर २०२२ च्या नव्या नियमावलीत ही सक्ती राहिली नाही. (तुमच्या विद्यापीठाचा स्वतःचा नियम वेगळा असू शकतो, तो आधी बघून घ्या.) म्हणजे आता परिषदेला जायचं कारण आपल्याला नव्याने ठरवावं लागेल, आणि भरवणाऱ्यांनाही.

मिनिटांचा हिशेब मांडा

कार्यक्रमपत्रिका हातात आली की मी आता एकच गोष्ट करते. कागद घेते आणि मिनिटं मांडते.

सकाळी १० ते संध्याकाळी ५ म्हणजे ४२० मिनिटं. जेवण ६०, दोन वेळा चहा ४०. उरली ३२०. उद्घाटन पत्रिकेत ४५ मिनिटांचं असतं, पण प्रत्यक्षात ९० धरा. उरली २३०. दोन बीजभाषणं प्रत्येकी ४५, गेली ९०. उरली १४०. निबंध स्वीकारले २८. एका निबंधाला आली ५ मिनिटं, आणि त्यातच पेनड्राइव्ह लावणं, नाव पुकारणं, माइक खाकरणं. प्रश्नाला शून्य.

इथे कुणाची नियत वाईट नाही. नोंदणी शुल्कावर खर्च भागवायचा म्हणून २८ निबंध घ्यावे लागतात, आणि सत्कार टाळला तर माणसं दुखावतात. पण हिशेब आधी मांडलाच नाही तर कात्री नेहमी एकाच जागी लागते, ती म्हणजे विद्यार्थ्याच्या वेळेला.

आता तीच ३२० मिनिटं दुसऱ्या पद्धतीने लावून बघू:

- उद्घाटन २० मिनिटं: दीपप्रज्वलन, प्रास्ताविक, बस्स. सत्कार जेवणाच्या वेळी.
- एकच बीजभाषण ४० मिनिटं: ३० बोलणं, १० प्रश्न.
- निवडक ८ निबंध, प्रत्येकी १५ मिनिटं (१० बोलणं, ५ प्रश्न): १२० मिनिटं.
- उरलेल्या २० निबंधांची पोस्टर: ९० मिनिटं.
- 'अडलेलं काम' सत्र: ४० मिनिटं. त्याबद्दल पुढे सांगते.
- समारोप १० मिनिटं.

बेरीज ३२०. २८ च्या २८ जणांना जागा मिळाली, कुणाला नाही म्हणावं लागलं नाही.

'पोस्टर म्हणजे दुय्यम' हा समज मात्र काढून टाका. पोस्टरची पद्धत आलीच मुळी सादरीकरणांच्या गर्दीवर उपाय म्हणून. १९६९ मध्ये माद्रिदला युरोपातल्या जीवरसायनशास्त्र संस्थांच्या महासंघाच्या बैठकीत पोस्टर लागले आणि १९७४ पर्यंत ही पद्धत अमेरिकेतल्या जीवरसायनशास्त्राच्या बैठकीतही पोचली. पाच मिनिटं मंचावर पळण्यापेक्षा दीड तास पोस्टरपाशी उभं राहून सात-आठ जणांशी नीट बोलणं केव्हाही चांगलं. माझा तो बफरचा प्रश्न पोस्टरपाशी नक्की निघाला असता.

एक बारकावा: ९० मिनिटांचे दोन भाग करा. पहिल्या ४५ मध्ये विषम क्रमांकाचे लोक पोस्टरपाशी थांबतील आणि सम क्रमांकाचे फिरतील, मग उलट. नाहीतर प्रत्येक जण आपापल्या पोस्टरपाशी पुतळ्यासारखा उभा, आणि बघणारं कुणीच नाही.

परभणीतच बघा की

चांगली परिषद बघायला लांब जायची गरज नाही. आपल्या परभणीचं कृषी विद्यापीठ १८ मे १९७२ ला स्थापन झालं. २०१३ पासून त्याला वसंतराव नाईक यांचं नाव आहे. १८ मे च्या वर्धापनदिनी तिथे खरीप शेतकरी मेळावा भरतो आणि १७ सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, रब्बी मेळावा. मान्यवरांची भाषणं तिथेही असतात. पण बारकाईने बघा, शेतकरी तिथे का येतो? पेरणी तोंडावर असते. कुठला वाण घ्यावा, तुरीच्या मरीला काय करावं, सोयाबीनचं बियाणं मिळेल का, असे प्रश्न घेऊन तो येतो. मेळाव्यात शास्त्रज्ञांशी प्रश्नोत्तरं असतात, प्रदर्शन असतं, बियाण्याची विक्री असते. तारीखसुद्धा येणाऱ्याच्या हंगामाला जुळते. घरी जाताना त्याच्या हातात पिशवी असते, आणि त्या पिशवीत बियाणं असतं.

आपल्या परिषदेतूनही पिशवी मिळते. त्यात पॅड, पेन आणि स्मरणिका असते.

दुसरं उदाहरण जॉइंट ॲग्रेस्कोचं. राहुरी, अकोला, परभणी, दापोली ही चारही कृषी विद्यापीठं दरवर्षी संयुक्त कृषी संशोधन आणि विकास समितीची बैठक घेतात, आळीपाळीने एकेका ठिकाणी. नवे वाण, अवजारं आणि लागवडीच्या शिफारशी तिथे शास्त्रज्ञांच्या गटापुढे मांडाव्या लागतात. मांडणाऱ्याला प्रश्नांना तोंड द्यावं लागतं, कारण शेवटी शिफारस मान्य करायची की नाही हे ठरायचं असतं. निर्णय घ्यायचा असला की लोक ऐकतात आणि विचारतात. आपल्या परिषदेत एवढा मोठा निर्णय नसेल, पण प्रत्येक सादरकर्त्याने शेवटच्या स्लाइडवर 'मला इथे मदत हवी आहे' असं एक वाक्य लिहिलं, तरी ऐकणाऱ्याला काहीतरी काम मिळतं.

आम्ही करून बघितलं

गेल्या वर्षी विभागाच्या एकदिवसीय सेमिनारची कार्यक्रमपत्रिका बनवायचं काम माझ्याकडे आलं. समन्वयक सरांना मी वरचा मिनिटांचा कागद दाखवला. ते हसले आणि म्हणाले, "पाहुणे उशिरा आले तर तुझा कागद काय करेल?"

प्रश्न रास्त होता. म्हणून आम्ही क्रमच बदलला. सकाळी पहिलं पोस्टर सत्र आणि त्यानंतर उद्घाटन. पोस्टरला मंच लागत नाही, माइक लागत नाही, पाहुणे लागत नाहीत. पाहुणे खरंच चाळीस मिनिटं उशिरा आले, पण कुणी रिकामं बसलं नव्हतं. उलट, येता येता पाहुणेच दोन पोस्टरपाशी रेंगाळले.

'अडलेलं काम' सत्राचा नियम साधा ठेवला होता. निकाल सांगायचे नाहीत, दोन मिनिटांत फक्त काय अडलंय ते सांगायचं. पहिली दहा मिनिटं कुणी तोंड उघडेना. गाइडसमोर, बाहेरच्या लोकांसमोर 'माझं जमत नाहीये' कोण म्हणणार? शेवटी मीच माझी बफरची गोष्ट सांगितली. मग एमएस्सीची एक मुलगी उठली. तिच्या प्लेटवर दर वेळी नको ते जिवाणू येत होते, अगदी काही न टोचलेल्या प्लेटवरसुद्धा. प्राध्यापक मंडळी लॅमिनार फ्लोबद्दल बोलायला लागली. तेवढ्यात मागे उभे असलेले आमचे प्रयोगशाळा परिचर मामा म्हणाले, "ताई, तुम्ही ऑटोक्लेव्ह गच्च भरता, अन् आतली हवा पुरी निघायच्या आधीच कॉक बंद करता." हवा आत कोंडली की दाब काट्यावर बरोबर दिसतो, पण तापमान तेवढं चढत नाही आणि जिवाणूंचे बीजाणू जिवंत राहतात. पुढच्या आठवड्यात तिच्या प्लेट स्वच्छ आल्या.

सगळंच जमलं असं नाही. एका वक्त्याने पंधराऐवजी पंचवीस मिनिटं घेतली आणि सत्राध्यक्षांना त्यांना थांबवणं जड गेलं. पुढच्या वेळी घंटी वाजवायचं काम विद्यार्थ्याला न देता सत्राध्यक्षांशी आधीच बोलून ठेवायचं, हे आम्ही लिहून ठेवलंय.

प्रश्न कोण विचारतो?

वेळ ठेवला म्हणजे प्रश्न येतातच असं नाही. २०१८ मध्ये 'प्लॉस वन' या नियतकालिकात एक अभ्यास आला होता. १० देशांतल्या ३५ संस्थांमधल्या सुमारे २५० सेमिनारांचं निरीक्षण त्यात होतं. श्रोत्यांतली एखादी स्त्री प्रश्न विचारण्याची शक्यता पुरुषाच्या मानाने अडीच पटींनी कमी निघाली. आणि पहिला प्रश्न पुरुषाने विचारला तर पुढची तफावत जास्त दिसली. म्हणून सत्राध्यक्षांना आधीच सांगून ठेवा की पहिला प्रश्न विद्यार्थ्यांकडून घ्या, शक्यतो विद्यार्थिनीकडून.

आपल्याकडे दुसरी अडचण भाषेची. प्रश्न मनात असतो, पण इंग्रजीत वाक्य जुळवेपर्यंत सत्र संपतं. आम्ही सुरुवातीलाच जाहीर केलं की प्रश्न मराठीत, हिंदीत, कसाही विचारा, आणि दारापाशी चिठ्ठ्यांचा डबा ठेवला. बऱ्याच चिठ्ठ्या आल्या. त्यातले चांगले प्रश्न सत्राध्यक्षांनी वाचून दाखवले.

येणाऱ्याच्या जागी बसून बघा

तुम्ही समितीत असाल तर एक व्यायाम करा. जिंतूर किंवा गंगाखेडहून एसटीने येणारी एमएस्सीची मुलगी डोळ्यांसमोर आणा. ती किती वाजता निघेल? नोंदणीच्या रांगेत किती वेळ थांबेल? तिला उजेडी घरी पोचायचं असेल तर किती वाजता उठावं लागेल? समारोप सहापर्यंत लांबला तर अर्धा हॉल आधीच रिकामा होतो आणि प्रमाणपत्रासाठी अडकलेली पोरं मागे खुर्च्यांवर पेंगत बसतात. प्रमाणपत्रं दुपारच्या चहालाच देऊन टाका. जो थांबेल तो मनाने थांबेल.

मुंबई-पुण्याकडून येणाऱ्यांसाठी आदल्या रात्रीच्या गाडीने सकाळी उतरून अंघोळीची सोय कुठे, हे ब्रोशरमध्ये एका ओळीत लिहा. एप्रिल-मेमध्ये परभणीचा पारा चाळिशीच्या वर असतो, तेव्हा पोस्टर पत्र्याच्या मंडपात लावायचे असतील तर ते सकाळी दहाच्या आतच. आणि पिशवीचा खर्च वाचवून फेलोशिप नसलेल्यांचं शुल्क कमी करता आलं तर जरूर करा.

जाण्याआधी विचारा

समितीत नसाल, नुसते जाणार असाल, तर पैसे भरण्याआधी आयोजकांना तीन प्रश्न विचारा: मला बोलायला किती मिनिटं? प्रश्नांना किती? एकूण निबंध किती घेतलेत? तासाभरात गोषवारा स्वीकारून लगेच शुल्काची लिंक पाठवत असतील, तर तो कुणी वाचलेला नाही असं खुशाल समजा.

आणि ठरवून जा. कार्यक्रमपत्रिकेतली दोन नावं निवडा, त्यांचं एखादं काम आधी वाचा आणि एक प्रश्न वहीत लिहून न्या. चहाच्या वेळी गाठा, नाव सांगा आणि विचारा. माझा अनुभव असा की मंचावर कडक दिसणारी माणसं हातात चहाचा कप असताना बरीच मोकळी बोलतात.

पुढच्या महिन्यात आमच्याकडे पुन्हा सेमिनार आहे. कार्यक्रमपत्रिकेचा पहिला खर्डा काल आला. त्यात उद्घाटन पुन्हा ६० मिनिटांचं झालंय. उद्या सकाळी सरांकडे कागद घेऊन जाणार आहे.